खुलासा: बुकित ब्राउनमधला रस्ता इंग्रजांचा नव्हे

‘सिंगापूरमधल्या चिनी लोकांची बुकित ब्राउन दफनभूमी इंग्रजांनी उखडली आणि तिथून रस्ता काढला,’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. तो रस्ता, म्हणजे आजचा लॉर्नी हायवे, २०११ साली स्वतंत्र सिंगापूरच्या सरकारने जाहीर केला. त्यासाठी ३,७०० हून अधिक कबरी हलवल्या. तिथे एकूण सुमारे एक लाख कबरी आहेत, त्यामुळे ‘उखडली’ हा शब्दही फसवा.

इंग्रजांशी भांडण झालं नाही, असं मात्र नाही. चिनी कुटुंबं आणि कुळांच्या संस्था फेंग शुई पाहून टेकड्यांच्या उतारांवर कबरी बांधत. शहर वाढू लागलं तशी तीच जमीन सरकारच्या डोळ्यांत भरली. कारण पुढे केलं आरोग्याचं! १८८७ मध्ये दफनांवर नियंत्रण आणणारं विधेयक आलं. चिनी समाजाने इतका विरोध केला की ते बाजूला ठेवावं लागलं. कायदा झाला तो १८९६ मध्ये.

आणि गंमत म्हणजे बुकित ब्राउन हीच मुळी इंग्रज काळातल्या नगरपालिकेची दफनभूमी. ओंग कुळाच्या संस्थेकडून जागा सक्तीने घेऊन ती १९२२ मध्ये सर्व चिनी लोकांसाठी खुली केली. म्हणजे ‘बळकावली’ म्हणायचंच असेल तर ते इथे म्हणा. पण अशा सार्वजनिक दफनभूमीची मागणी नगरपालिकेतल्या चिनी सदस्यांनीही लावून धरली होती. सुरुवातीला लोक तिकडे फिरकेनात. एकेका कबरीसाठीच्या जागा फारच चिंचोळ्या होत्या. त्या वाढवल्यावर लोक येऊ लागले.