डिझेल की गॅस? कुडाळच्या वाचकांना सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. त्यात राग आहे, पण अभ्यासही आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की कोकणात गावातल्या गावात फिरणाऱ्या माणसानं नवी डिझेल गाडी घेण्यापेक्षा घरात असलेली पेट्रोल गाडी एलपीजीवर चालवावी. त्यावर तुमचं म्हणणं असं: मी जे डिझेल रंगवलं ते वीस वर्षांपूर्वीचं आहे, बीएस-6 (गाड्यांच्या धुराचे नवे सरकारी नियम) पाळणारं डिझेल पेट्रोलइतकंच स्वच्छ आहे, गॅसची गाडी घाटात धापा टाकते, मायलेज देत नाही, पंप सापडत नाही आणि वर डिकीत बॉम्ब घेऊन फिरायचं. तुम्ही स्वतः दर पंधरवड्याला कुडाळहून फोंडा घाटमार्गे पुण्याला डिझेल गाडीनं जाता, आणि मधल्या दिवसांत तीच गाडी तुमचे बाबा गावात वापरतात, असंही लिहिलंय. हे शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. त्याच्याकडे येतो.

आधी माझी चूक. ‘डिझेल म्हणजे काळा धूर’ हे वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं. एसटीच्या मागे घाट चढताना नाकातोंडात गेलेला धूर डोक्यात होता आणि नव्या गाड्याही मी त्याच माळेत ओवल्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं. त्याआधीच्या बीएस-4 च्या डिझेल कारला किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम काजळीची मुभा होती, ती 4.5 वर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा 250 वरून 80 मिलिग्रॅमवर आली. पेट्रोल गाडीला ती 60 आहे, म्हणजे अगदी बरोबरी नाही, पण फरक आता फार थोडा उरलाय. डिझेलमधलं गंधकसुद्धा दहा लाखांत 50 भागांवरून 10 भागांवर आलं. नवीन डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल फिरवला तरी तो जवळपास पांढराच राहतो, हे मी स्वतः करून पाहिलंय. ते वाक्य मी मागे घेतो.

घाटाचंही तुमचंच खरं. माझी गाडी कंपनीतूनच गॅस बसवून आलेली जुनी वॅगन आर ड्युओ आहे. चार माणसं, एसी चालू आणि आंबा घाटाची चढण, की दुसरा गिअर टाकावाच लागतो. वायुरूप गॅस इंजिनाच्या सिलेंडरमध्ये जाताना हवेची थोडी जागा घेतो, म्हणून ताकद जराशी कमी होते. टर्बो डिझेलचा जोर पंधराशे-दोन हजार आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, त्यामुळे ती गाडी तीच चढण तिसऱ्यात हसत चढते. दर पंधरा दिवसांनी घाट ओलांडून पुणं गाठणाऱ्या माणसानं डिझेलच घ्यावं. तुमची निवड बरोबर आहे, आणि मूळ लेखातही मी लांब पल्ल्याच्या माणसाला गॅस सुचवला नव्हता.

आता मुद्द्याचं. नव्या डिझेलची ती स्वच्छता येते कुठून? इंजिन काजळी करायची थांबलेलं नाही. ती काजळी सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये, अडकते. फिल्टर भरत आला की ती जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी तिथलं तापमान सहाशे अंशांच्या घरात जावं लागतं. गाडीचा कॉम्प्युटर मग जादा डिझेल सोडून ती उष्णता तयार करतो. हे काम पुरं व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगात चालायला हवी. हायवेवर हे कधी होऊन जातं ते कळतही नाही. पण पावस गावाहून गोळपपर्यंत जायचं, दुकानात थांबायचं, मग कलमांच्या बागेत, मग घरी, अशा छोट्या छोट्या फेऱ्यांत ते सुरू होतं आणि अर्धवट तुटतं. पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं.

माझ्या पुतण्याच्या गाडीचं हेच झालं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. गाडी चांगली, पण तिच्या वाट्याला सगळ्या गावातल्या फेऱ्या. डीपीएफचा दिवा लागला, त्यानं दुर्लक्ष केलं. एका रविवारी पडवीसमोर बॉनेट उघडून मी ऑइलची पट्टी बाहेर काढली, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसली, पुन्हा घातली आणि काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. कुणी ऑइल घातलेलं नव्हतं. पट्टी नाकाशी नेली तर डिझेलचा वास, आणि दोन बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ. फिल्टर तापवायला सोडलेलं डिझेल पूर्ण न जळता पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं. तसंच दोन महिने चालवलं असतं तर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही गेले असते. ऑइल बदललं, वर्कशॉपमध्ये मशीन लावून फिल्टरमधली काजळी जाळून घेतली, तेव्हा सुटला.

म्हणून माझं म्हणणं इंधनापेक्षा वापराबद्दल आहे. आधुनिक डिझेलची स्वच्छता ही त्याला लांब पळवण्यावर अवलंबून आहे, आणि आमच्याकडे बहुतेक घरांतली गाडी लांब पळतच नाही. गणपतीला चाकरमानी येतात, चार दिवस सगळीकडे फिरतात, ते वेगळं. वर्षभर गावात राहणाऱ्याची गाडी दवाखाना, बँक, बाजार, स्टेशन एवढीच फिरते. पेट्रोल इंजिन गॅसवर चालवलं तर मुळातच काजळी फार थोडी होते, कारण एलपीजीमधले प्रोपेन-ब्युटेन हे साधे वायू हवेत नीट मिसळून जळतात. छोटी फेरी त्याला मानवते. फक्त सुरुवात पेट्रोलवर होते आणि इंजिनाचं पाणी तापल्यावर गाडी गॅसवर जाते, त्यामुळे फेरी फारच छोटी असेल तर गॅसची वेळ येण्याआधीच घर येतं. हे मी मूळ लेखात लिहायला विसरलो होतो.

मायलेजबद्दल. एका लिटर गॅसमध्ये पेट्रोलच्या साधारण तीन चतुर्थांश ऊर्जा असते, त्यामुळे लिटरमागे अंतर कमी पडणारच. माझी गाडी पेट्रोलवर 16 देते आणि गॅसवर 12 ते 13. तुमची डिझेल 20 देते. पण आकडा लिटरचा धरू नका, लिटरच्या भावाला मायलेजनं भागा आणि किलोमीटरचे पैसे काढा. समजा डिझेल गाडीनं किलोमीटरमागे दोन रुपये वाचले आणि ती घेताना लाखभर जास्त मोजले, तर ते लाख वसूल व्हायला पन्नास हजार किलोमीटर लागतात. तुमचे ते दोन वर्षांत होतील. वर्षाला सहा-सात हजार फिरणाऱ्याला सात-आठ वर्षं लागतील. कार्बनचं म्हणाल तर एक लिटर डिझेल जळून सुमारे 2.65 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, एक लिटर एलपीजी जळून दीड किलोहून थोडा जास्त. 20 आणि 12 नं भागून पाहा, दोन्हीकडे किलोमीटरला 130 ग्रॅमच्या आसपासच येतं. इथे कुणी जिंकलेलं नाही.

पंप विरळ आहेत, कबूल. माझ्या नेहमीच्या रस्त्यावर एकच आहे, आणि तो बंद असला की मी पेट्रोलवर चालवतो. कंपनीतून गॅस बसवून येणाऱ्या नव्या गाड्या आता सीएनजीच्या आहेत, आणि सीएनजीचे पंप कोकणातही आलेत. नवीनच गाडी घ्यायची असेल आणि पंप घराजवळ असेल, तर मीही सीएनजी बघा असंच सांगेन. माझा सल्ला ज्यांच्या दारात चांगली पेट्रोल गाडी उभी आहे त्यांना होता.

आता ‘बॉम्ब’. इथे मात्र मी एक पाऊलही मागे येणार नाही. एलपीजीच्या टाकीतला दाब आठ-दहा बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या आठ-दहा पटीच्या, आसपास असतो, सीएनजीचा 200 बार. टाकी जाड पोलादाची असते. पंपावर भरताना ती ऐंशी टक्के भरली की आतला व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. उरलेली वीस टक्के जागा उगाच ठेवलेली नाही: उन्हानं द्रवरूप गॅस फुगतो, त्याला फुगायला ती जागा लागते. भीती टाकीची नाही, घरगुती लाल सिलेंडरमधून पाइप लावून गाडी भरणाऱ्यांची आहे. तसं करणं बेकायदा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे जुगाडाच्या टाकीला ऐंशी टक्क्यांचं कुलूपच नसतं. काठोकाठ भरलेली टाकी मे महिन्याच्या उन्हात बाजारात उभी करायची आणि शेजारी मुलं गोळा खात उभी. मला हे बघवत नाही. मी लोकांना तोंडावर बोललोय, भांडणं झाली आहेत, तरी बोलत राहीन.

खरा धोका आणखी एक आहे, तो समुद्राचा. खारा वारा आमच्याकडे लोखंड खातो. चार वर्षांपूर्वी श्रावणात सकाळी डिकी उघडली तर गॅसचा उग्र वास आला. गाडी चालू केली नाही, लाइटचं बटण दाबलं नाही. चारही दारं उघडली, टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद केला आणि तासभर थांबलो. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली तळाशी साचतो, निघून जायला वेळ लागतो. मग वाटीत साबणाचा फेस केला आणि बोटानं एकेका जोडावर लावत गेलो, थोडा थोडा व्हॉल्व्ह उघडत. तिसऱ्या जोडावर तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. आधीच्या दुरुस्तीत एका फिटरनं तिथे साधी लोखंडी क्लिप लावली होती, ती गंजून पाइपवर घासत होती. त्या दिवसापासून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मी सगळे जोड फेसानं तपासतो. टाकीची मुदतीची तपासणी चुकवत नाही, टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हमधली फट) वेळेवर बघून घेतो, कारण गॅस कोरडा जळतो आणि इंजिनातली व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते. गॅस बसवून घेणाऱ्यानं मान्यताप्राप्त किटच घ्यावं आणि आरसी बुकवर नोंद करावी, नाहीतर अपघातात विमा हात वर करतो.

आता तुमच्या बाबांबद्दल. पंधरा दिवसांतून एकदा तुम्ही गाडी पुण्याला नेता तेव्हा फिल्टरमधली काजळी जळून जाते, म्हणून आजवर त्रास झाला नसावा. पण तुम्ही लिहिलंय की पुढचे चार महिने तुम्ही बाहेरगावी आहात आणि गाडी त्यांच्याकडेच राहील. त्यांना सांगा, आठवड्यातून एकदा कुडाळहून कणकवलीपर्यंत हायवेनं जाऊन यावं, साठच्या वर, आरपीएम दोन हजारांच्या खाली येऊ न देता. डिझेल रिझर्व्हवर असताना नको, कारण तेव्हा बऱ्याच गाड्या फिल्टरमधली काजळी जाळायला घेतच नाहीत. डीपीएफचा दिवा लागला तर घरासमोर पोचल्यावरही लगेच बंद न करता आणखी एक फेरी मारावी. आणि महिन्यातून एकदा गार इंजिनावर ऑइलची पट्टी बघावी. ऑइल वरच्या खुणेच्या वर चढलेलं दिसलं तर गाडी हलवू नये, आधी मेकॅनिकला बोलवावं.