पगार थकला म्हणून ईएसआय बुडत नाही, रोखीत घेतला तर बुडू शकतं

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ठेकेदारानं दोन महिने पगार थकवला की ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड बंद पडतं. मागचे दिवस नंतर धरले जात नाहीत. थकलेलं पेमेंट एकदम खात्यात आलं की तुम्ही २१ हजारांच्या पगारमर्यादेच्या वर जाता आणि ईएसआयमधून बाहेर पडता. वर घरच्या बाईची लाडकी बहीणही बंद होते. आणि शेवटी सल्ला: ‘म्हणून थकबाकी रोखीत घ्या.’ हा सल्ला कुणाच्या सोयीचा आहे ते वेगळं सांगायला नको.

‘दोन महिने पगार नाही, तर कार्ड बंद.’ नाही. ईएसआयची कपात पगार हातात पडला त्या दिवसाशी बांधलेली नाही. कायदा दिलेला पगारही धरतो आणि द्यायचा राहिलेलाही. महिना संपला की त्या महिन्याचं अंशदान (विम्याचा हप्ता) लागू होतं आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं: मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. ‘पगारच दिला नाही, मग कापू कशातून?’ ही सबब चालत नाही. ठेकेदार गायब झाला तर मूळ कंपनीनं भरायचं आणि नंतर त्याच्या बिलातून वळतं करायचं. कामावर अपघात झाला, तर किती दिवसांचं अंशदान जमा आहे हा प्रश्नच येत नाही; पहिल्याच दिवशी हात मशीनमध्ये गेला तरी अपंगत्वाचा लाभ लागू होतो.

‘मागचे दिवस बुडाले.’ भीतीचं खरं मूळ इथं आहे. आजारपणाच्या पैशांसाठी (सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस) सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं. एप्रिल ते सप्टेंबरचा हिशेब पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये कामी येतो, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे जुलैत बुडवलेल्या अंशदानाचा फटका जानेवारीत बसतो, आणि तोवर कितीदा तरी ठेकेदारच बदललेला असतो. महिन्याला २४ हजेऱ्या धरा. सहापैकी तीन महिन्यांचं भरलंच नाही, तर उरतात ७२. सहा दिवसांनी हुकलं. ईएसआय कार्यालयाच्या खिडकीवरचा माणूस ‘बसत नाही’ म्हणतो, कारण त्याला संगणकावर तेवढंच दिसतं. मेसेज लिहिणाऱ्यानंही बहुधा एवढंच पाहिलं असावं.

पण खिडकीवर गोष्ट संपत नाही. मालकानं अंशदान न भरल्यामुळे कामगाराचा लाभ हुकला, तर ईएसआय महामंडळ खात्री करून तो लाभ देऊ शकतं आणि मालकाकडून वसुली करू शकतं. १९४८ च्या ईएसआय कायद्यात हे कलम ६८ होतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. खात्री होणार कशावरून? हजेरी कार्ड, गेटपास, पंचिंगची नोंद, सुपरवायझरचे शिफ्टचे मेसेज, आधीच्या पगाराच्या बँकेतल्या नोंदी. ‘देऊ शकतं’ म्हणजे आपोआप देत नाही, हेही खरं. अर्ज करावा लागतो, शाखा कार्यालयाकडे खेटे घालावे लागतात. ते करायचा कंटाळा आणि ‘बुडाले’ यात फरक आहे.

‘एकदम पैसे आले की २१ हजारांच्या वर.’ साफ चूक. मर्यादा महिन्याच्या पगाराची आहे. १४ हजारांप्रमाणे तीन महिन्यांचे ४२ हजार एकाच दिवशी जमा झाले, तरी पगार १४ हजारच. खरीखुरी वाढ मिळून कुणी मध्येच मर्यादा ओलांडली, तरी ती सहामाही संपेपर्यंत तो ईएसआयमध्येच राहतो.

लाडकी बहीणचं त्याहून सोपं. अट कुटुंबाच्या वर्षाच्या अडीच लाख उत्पन्नाची आहे. १४ हजारांचे वर्षाला १ लाख ६८ हजार होतात, महिन्याच्या महिन्याला आले काय किंवा एकदम आले काय. नवरा-बायको दोघंही तेवढंच कमावत असतील तर आकडा ३ लाख ३६ हजारांवर जातो, पण तो वेळेवर मिळूनही जातोच.

बीड-धाराशिवकडच्या साखर कारखान्यांतल्या भावांनी मात्र हा ७८ दिवसांचा हिशेब स्वतःला लावू नये. ऊस गाळपाचे हंगामी कारखाने ईएसआयच्या बाहेर आहेत. त्यांनी पीएफचं पासबुक बघावं. तिथंही १५ तारीखच आहे आणि तिथंही थकलेला पगार ही सबब नाही.

आता तो रोखीचा सल्ला. वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. तो चुकवलेला माणूस तीन महिन्यांनी नोटा पुढे करतो, त्याची बँकेत नोंद नाही, बहुतेक वेळा पावतीही नाही. उद्या तो म्हणाला, ‘हा त्या महिन्यात कामावरच नव्हता,’ तर तुमच्या हातात काय? गरज कुणाला चुकली आहे, घरात आजारपण असतं, पोरांची फी असते. घ्यावेच लागले तर कोणत्या महिन्याचे, किती हजेऱ्यांचे, हे लिहून त्याची सही घ्या आणि फोटो काढून ठेवा. आणि दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास ईएसआयच्या पोर्टलवर आपला आयपी नंबर (विमाधारक क्रमांक) टाकून अंशदान पडलं का बघा. जुलैचं दिसलं नाही, तर ऑगस्टमध्येच कंपनीच्या एचआरला लेखी विचारा.