चॉसरचा विनोद : 15 गुण

एम. ए.ला इंग्रजी घेतलं की घरात फुकटचा दुभाषा आला, असं सगळे धरून चालतात. आत्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड घेऊन आली. शेजारच्या काकांनी गोळ्यांच्या खोक्यातला तो घडीवर घडी घातलेला कागद पुढे केला. आणि मी तेव्हा जे इंग्रजी शिकत होते, ते खुद्द आजच्या लंडनकराला शब्दकोश घेऊनही जड गेलं असतं. हे सांगितलं तर आत्या आईकडे बघून म्हणाली, "मग फी कशाची भरलीय हिची?"

सुरुवात 'बेओवुल्फ'ने झाली. 3182 ओळी. इंग्रजी साहित्याचं हे आद्य महाकाव्य, आणि त्यात इंग्लंडचा पत्ताच नाही. राक्षस डेन्मार्कात, नायक स्वीडनकडचा. हस्तलिखित जगात एकच. 1731 साली ते ठेवलेल्या घराला आग लागली, पानांच्या कडा करपल्या, पण पोथी वाचली. सरांनी हे सांगितल्यावर वर्ग हळहळला. ती हळहळ कडांसाठी नव्हती.

मग आला चॉसर, चौदाव्या शतकातला इंग्रज कवी. त्याच्या काळी प्रत्येक अक्षराचा उच्चार करत, त्यामुळे 'नाइट' (k ने सुरू होणारा, म्हणजे सरदार) हा 'क्निख्त'. पाचवीत 'क्नाइफ' म्हटलं म्हणून आमच्या वर्गातल्या एका मुलाने छडी खाल्ली होती. बिचारा सहाशे वर्षं उशिरा जन्मला, एवढाच त्याचा गुन्हा.

कँटरबरीच्या तीर्थयात्रेला निघालेल्या यात्रेकरूंनी वाटेत सांगितलेल्या गोष्टी म्हणजे त्याचं 'कँटरबरी टेल्स'. त्याचा आरंभ असा, की एप्रिलच्या गोड सरींनी मार्चचा दुष्काळ मुळापर्यंत भेदला. आम्ही हे मराठवाड्यात, पत्र्याच्या वर्गात, लाइट गेलेली असताना वाचत होतो. मार्चचा दुष्काळ लगेच पटला. एप्रिलमध्ये आमच्याकडे टँकर येतो. पुढे चॉसर म्हणतो, अशा हवेत लोकांना तीर्थयात्रेची ओढ लागते. आम्हाला कोपऱ्यातल्या माठापर्यंत जावंसं वाटत नव्हतं.

"कँटरबरी म्हणजे त्यांची पंढरपूरची वारी," हे सरांचं ठरलेलं वाक्य. गाइडमध्ये नव्हतं, म्हणून सगळ्यांनी लिहून घेतलं. मला ते कधीच पटलं नाही. ही मंडळी घोड्यावर बसून निघतात. आदली रात्र साउथवर्कच्या टॅबर्ड नावाच्या सराईत दारू पीत काढतात. भजन नाही, अभंग नाही. सराईचा मालकच पैज लावतो, की सगळ्यांत चांगली गोष्ट सांगेल त्याला परतल्यावर बाकीच्यांनी जेवण द्यायचं. प्रत्येकाने जाताना दोन, येताना दोन गोष्टी सांगायच्या असं ठरतं. प्रत्यक्षात आहेत 24, त्यातल्याही काही अर्धवट, आणि पुस्तकात यांचं कँटरबरीदर्शन होतच नाही. आळंदीची दिंडी सासवडलाच संपली तर चालेल का? पोर्शन दरवर्षी अर्धा ठेवणाऱ्या सरांना मात्र हा कवी जवळचा वाटत असावा.

मामांना यातलं एकच आवडलं. चॉसर 1374 पासून लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीवर अधिकारी होता, आणि त्याच वर्षी राजाने त्याला रोजची घागरभर वाइन मंजूर केली होती. "बघ," मामा म्हणाले, "कस्टममध्ये होता! तू एमपीएससीचा फॉर्म कधी भरतेस?"

पण खरा छळ 'चॉसरचा विनोद' या प्रश्नाचा. 15 गुण, गाइडमध्ये त्यापुढे तीन चांदण्या. विनोदाचे मुद्दे सात. 'सौम्य उपरोध' आणि 'मिस्कील सहानुभूती' हे दोन वेगळे का, ते कुणी विचारायचं नाही, पाठ करायचं. रात्री गच्चीवर फेऱ्या मारत मी विनोद घोकत असे. आजी आईला विचारायची, "हिच्या परीक्षेत कुणी गेलंय का?"

हसण्यासारखं जे होतं ते सर गाळून पुढे जात. मिलरची, म्हणजे यात्रेतल्या गिरणीवाल्याची, गोष्ट आली तेव्हा ते खाकरले आणि म्हणाले, "ही परीक्षेला नाही." झालं! एरवी वाचनालयाकडे न फिरकणारा अख्खा वर्ग दुपारी तिथे हजर. आजच्या इंग्रजीतली प्रत एकच, म्हणून मोठ्याने वाचायचं ठरलं. काळोखात खिडकीपाशी मुका मागायला आलेल्या त्या आशिकाचे ओठ भलत्याच जागी टेकतात, तिथवर आलो आणि ग्रंथपालांनी आम्हाला बाहेर काढलं. मग पायऱ्यांवर बसून बाथ गावची बाई वाचली, तीही यात्रेतलीच. दातांत फट, पाच नवरे. पाचवा वाईट बायकांच्या गोष्टींचं एक पुस्तक तिला रोज वाचून दाखवायचा. एका रात्री हिने त्यातली पानं टराटरा फाडली आणि त्याला असा ठोसा दिला की तो शेकोटीतच पडला. त्याने उलट मारलं, त्यात हिचा कान गेला. पण शेवटी ते पुस्तक तिने त्यालाच जाळायला लावलं. होस्टेलच्या मुली तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाचायला लावत होत्या.

परीक्षेत प्रश्न आलाच. मी सातही मुद्दे ओळीने उतरवत होते. 'ब्रॉड ह्यूमर'वर, म्हणजे चावट विनोदावर, गाइडमध्ये दीडच ओळ होती. ती लिहिताना मला ती खिडकी आठवली आणि फिस्सकन हसू आलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीचेही खांदे हलायला लागले. तिचाही तोच मुद्दा चालू असणार. सुपरव्हायझर धावत आले. माझी उत्तरपत्रिका झटकली, बाकाखाली हात घालून पाहिलं, तिची कंपासपेटी उपडी केली. काहीच सापडलं नाही, म्हणून आम्हा दोघींना वेगवेगळ्या वर्गात नेऊन बसवलं.