समुद्रकाठी, उघड्यावर, सहकुटुंब जेवण्याविषयी काही अनमोल सूचना

रत्नागिरीत मुक्कामी आलेल्या पर्यटकाचे दिवसभरात थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, टिळकांचे जन्मस्थान आणि भाट्याचा किनारा एवढे पाहून झाले, की संध्याकाळी त्याच्यापुढे एकच प्रश्न उरतो, आणि तो म्हणजे मोकळ्या हवेत, माडांखाली, मंद दिव्यांच्या उजेडात बसून जेवता येईल असे रम्य ठिकाण कोठे सापडेल. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत या प्रश्नाचे उत्तर मी सहकुटुंब शोधले असून त्याचे बिलही भरले आहे. तेव्हा या विषयावर चार शब्द सांगण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे असे मी समजतो.

ठिकाण निवडताना स्वयंपाकघराची चौकशी करू नये, दिव्यांच्या माळा पाहाव्यात. माडांच्या बुंध्यांना शेंड्यापर्यंत माळा गुंडाळलेल्या असतील, दाराशी भिंतीवर दोन मोठे पांढरे पंख रंगवलेले असतील आणि त्या पंखांच्या मधोमध उभे राहण्यासाठी लोकांनी रांग लावली असेल, तर तेथील कालवण उत्तम असणार याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. शेजारच्या गल्लीत एखाद्या बाई चार टेबले मांडून भाकऱ्या थापत असतील, परंतु त्यांच्याकडे पंख नसतात.

समुद्रदर्शनाचे टेबल मात्र आग्रहाने मागून घ्यावे, कारण त्यासाठी तासभर अधिक थांबावे लागते आणि थांबल्याने भूक वाढते. डिसेंबरात सूर्य सव्वासहापूर्वीच मावळतो आणि आपल्या नावाचा पुकारा साडेनऊच्या सुमारास होतो, त्यामुळे जे दर्शन घडते ते काळोखाचे असते, हा भाग वेगळा. समुद्र निदान ऐकू तरी येईल अशी कोणाची आशा असेल, तर त्याने आधी पंचांग उघडावे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या माणसाला पाठ असतो. या हिशेबाने चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे रात्री नऊच्या सुमारास पुरती ओहोटी, आणि आपण ज्याच्याकडे तोंड करून बसलो आहोत तो समुद्र पार लांब गेलेला. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे जेवायला बसेपर्यंत पाणी निम्मे उतरलेले. ऐन जेवणाच्या वेळी, सव्वाआठच्या आसपास, समुद्र काठोकाठ भरून येतो तो एकादशीला, आणि त्या दिवशी आपल्यापैकी निम्मी मंडळी साबुदाण्याची खिचडी मिळेल का म्हणून विचारीत असतात.

समुद्राच्या गार झुळकीविषयीही जाहिरातीत बरेच काही लिहिलेले असते. खारे वारे दिवसा समुद्राकडून येतात आणि मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात, हे आपण सर्वांनी शाळेत भूगोलाच्या तासाला घोकलेले आहे. त्यामुळे रात्री दहाला आपल्या टेबलावर जी झुळूक येते ती मागच्या भटारखान्यातून निघालेली असते, आणि वाटेत लागणाऱ्या गटारावरून ती समुद्राकडे निघालेली असते. तिचा आस्वाद घ्यावा.

डास चावतील, परंतु त्यांचे पैसे बिलात लावलेले नसतात.

मेन्यूकार्ड मागून स्वतःचे हसे करून घेऊ नये. टेबलावर चिकटवलेला चौकोन मोबाईलने स्कॅन करावा, रेंज येईपर्यंत मोबाईल डोक्यावर धरून माडांमधून एक फेरी मारावी, आणि शेवटी जे उघडेल ते वाचावे. त्यात पनीर तिरंगा, शेजवान कोळंबी, चीज कॉर्न बॉल आणि सिझलिंग ब्राउनी हे कोकणी पदार्थ ठळक अक्षरांत सापडतील. आंबोळी, घावन आणि तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले शोधणाऱ्यांनी आपापल्या आजोळी जावे. सोलकढी मात्र सर्वत्र असते. नारळाचा रस, कोकमाचे आगळ, लसूण आणि मिरची यांच्यावाचूनही ती करता येते, हा शोध या मंडळींनी लावलेला आहे. माझ्या पेल्याच्या तळाशी गुलाबी भुकटीचा बोटभर थर बसला होता आणि वर कोथिंबिरीचे एक पान, बहुधा ओळख पटावी म्हणून, तरंगत होते.

गायकाच्या कर्ण्यापासून दूर बसण्याचा प्रयत्न करू नये, कारण कर्णे चार असतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून अस्तित्वात आहे, तो गायकाच्या कानी पडण्याची शक्यता त्या आवाजात अर्थातच कमी आहे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे माशाकडे, वळू. शिताफीने मासा मागवणे ही एक कला असून तिचे पहिले तत्त्व असे आहे, की भाव विचारू नये. मेन्यूत पनीरचा भाव असतो, पापडाचा असतो, पाण्याच्या बाटलीचा असतो, एवढेच काय, जादा कांद्याचाही असतो, परंतु पापलेट, सुरमई आणि हलवा यांच्यापुढे ‘साईजप्रमाणे’ एवढाच शब्द असतो. हा शब्द वाचून गप्प बसणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाते. मी तेवढा सुसंस्कृत नसल्यामुळे विचारले, की कोणत्या साईजला किती. वेटर म्हणाला, “साईजप्रमाणे होईल, सर.” मी म्हटले, हे तर लिहिलेलेच आहे, आकडा सांगा. तो म्हणाला, “आत वजन करून सांगतो, सर.” मग त्याने आम्हांला बर्फाच्या पेटीपाशी नेले. पेटीवर निळसर दिवा सोडलेला होता, आणि त्या उजेडात चप्पलसुद्धा ताजी दिसली असती. माझ्या आईचे लहानपण हर्णै बंदराच्या आसपास गेलेले असल्याने तिने चष्मा सावरला, एका पापलेटाचा कल्ला अंगठ्याने उचलला, आणि आत लालभडक दिसायला हवे तेथे मातकट तपकिरी दिसताच दुसऱ्या पापलेटाच्या पाठीवर बोट दाबून पाहिले. बोटाचा खळगा जसाच्या तसा राहिला. “आजी, सकाळचाच आहे,” वेटर म्हणाला. “कुठल्या सकाळचा?” आईने विचारले. त्या पोराला हसू आले आणि त्याने गल्ल्याकडे चोरून पाहिले, तेव्हा त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पगार घेणारा मुलगा वजन लपवीत नसतो, त्याला लपवायला सांगितलेले असते. आईने पेटीच्या कोपऱ्यातला तिसरा, त्यातल्या त्यात डोळे स्वच्छ असलेला पापलेट निवडला, वेटरने तो हातभर लांब काट्याने उचलून आत नेला, आणि त्या पापलेटाशी आमची पुन्हा भेट झाली नाही. तासाभराने ताटलीत जे आले त्याला डोके नव्हते, शेपूट नव्हते, रव्याचे चिलखत मात्र असे जाड होते की आत कोण आहे हे ओळखणे अशक्य व्हावे. पेटीतला मासा आईच्या तळहाताबाहेर गेला होता आणि ताटलीतला तळहातात मावत होता. आणि वजन? वजन कोणीही सांगितले नाही. बिलात सगळे पदार्थ छापलेले होते, फक्त एका ओळीत पेनाने ‘पापलेट 1 नग’ असे लिहून पुढे 1,450 हा आकडा टाकलेला होता. ग्रॅम नाहीत, किलोचा दर नाही, काही नाही. गल्ल्यावरच्या गृहस्थांना विचारले तर ते मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले, “साईजप्रमाणे असतो ना.” कोणाच्या साईजप्रमाणे? माशाच्या, की गिऱ्हाइकाच्या गाडीच्या?

पापलेटाला 2023 मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून घोषित केले, त्यामुळे त्याचा भावही राज्यगुपित मानला जात असावा, असा एक सौम्य अर्थ लावून मी गप्प बसलो असतो, परंतु बिलाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, सेवाशुल्क दहा टक्के. बिलात असे शुल्क आपोआप लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली, हे मी त्या गृहस्थांच्या कानावर घातले. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिले आणि सांगितले, की ते दिल्लीत असेल.

पावसाळ्यात उघड्यावर बसण्याची हौस असणाऱ्यांसाठी निळी ताडपत्री लावलेली असते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारीबंदी असूनही ताडपत्रीखालच्या पाटीवर ‘आजचा ताजा मासा’ असे लिहिलेले आढळेल. तेथेही प्रश्न विचारू नयेत.

मुंबई-गोवा महामार्गाने येणाऱ्यांनी रात्रीच्या जेवणाची वेळ ठरवू नये, एवढे सांगितले तरी पुरे.

ही सगळी हॉटेलवाली मंडळी पर्यटनवाढीच्या सभांमध्ये पहिल्या रांगेत बसतात आणि कोकणात पर्यटक टिकत नाही म्हणून हळहळतात. टिकेल कसा? त्याला तुम्ही एकदाच येणारा आणि परत न येणारा धरून लुटता, मग तो परत येत नाही, आणि तुमचा अंदाज खरा ठरतो. मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे लिलाव होतो, तेथे मासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेला असतो आणि बोली सगळ्यांच्या कानांवर पडते. होडी, डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी यांचा बोजा डोक्यावर घेऊन समुद्रात जाणारा माणूस आपला माल उघड्यावर भाव सांगून विकतो. टोपली घेऊन बसणारी मासेवाली वाटा दाखवून दर सांगते, घासाघीस करते, प्रसंगी चार शिव्या देते, पण आकडा आधी सांगते. आणि त्याच गावात, त्याच माशावर, दिव्यांच्या माळा लावून बसलेल्या तुम्हांला तो आकडा सांगायला तोंड उघडत नाही? भाव जास्त असेल तर जास्त लिहा. जागेचे भाडे, माळा आणि गायकाचे मानधन त्यात धरा, कोणाची हरकत नाही. ज्याला परवडेल तो बसेल, ज्याला परवडणार नाही तो गल्लीतल्या बाईंकडे जाऊन अधिक चांगले जेवेल. पण काटा पेटीशेजारी ठेवा, मासा गिऱ्हाइकासमोर तोला, दर किलोला किती ते पाटीवर लिहा, आणि जो तोलला तोच तळा. यात तुमचे काय जाते? एवढे करण्याची तयारी नसेल तर दारावरचे ‘अस्सल कोकणी पाहुणचार’ हे शब्द तरी पुसून टाका. आमच्याकडे पाहुण्याला ताटावरून उठल्यावर हिशेबाचा धक्का देत नाहीत.

आणि बिल पाहून एकमेकांकडे बघणारे, “जाऊ दे, सुट्टीत कशाला वाद” म्हणून कार्ड पुढे करणारे, वर गाडीत बसल्यावर अर्धा तास बडबडणारे आपण सगळे! बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडतो आणि येथे चौदाशे रुपयांच्या माशाचे वजन विचारायची आपल्याला लाज वाटते, कारण शेजारच्या टेबलावरचे ऐकतील. ऐकू द्या की! त्यांनाही तेच बिल येणार आहे. मासा आत जाण्याआधी वजन आणि दर मोठ्याने विचारा, उत्तर येईपर्यंत ऑर्डर देऊ नका, आणि ‘साईजप्रमाणे’ एवढेच उत्तर आले तर प्यायलेल्या पाण्याचे पैसे टेबलावर ठेवून सरळ उठा.