‘नको वाटलं तर काढून टाकू’: व्हिनिअरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

पोर्सिलेन व्हिनिअरबद्दलच्या, म्हणजे दात चांगला दिसावा म्हणून त्याच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ कपचीबद्दलच्या, माझ्या लेखात मी लोकांना उगाच घाबरवतो, असं तुम्ही लिहिलंत. मुलीच्या पुढच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी डाग आहेत, हसताना तिचा हात आपसूक तोंडावर जातो, लग्न तीन महिन्यांवर आलंय. आणि ‘नखाएवढी पातळ कपची तर चिकटवायची असते, नको वाटली तर काढून टाकू’. तिला मोकळेपणाने हसता यावं हे मलाही मनापासून वाटतं. व्हिनिअरला माझा विरोध नाही. माझ्या दवाखान्यात मी ती बसवतो. पण तुमचं शेवटचं वाक्य मला पटत नाही, आणि ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

काढून टाकता येणारी व्हिनिअर्स एके काळी होती. १९३०च्या दशकात चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य हॉलिवूडच्या नटांना पातळ कवचं करून देत. कवळी धरून ठेवणाऱ्या पावडरीने ती तात्पुरती बसवायची आणि शूटिंग संपलं की काढायची. आजचं व्हिनिअर तसं बसत नाही. दातावर फॉस्फोरिक आम्ल लावून काही सेकंदांनी धुतात. दात वाळवला की त्याची चमक जाऊन तो खडूसारखा पांढरा दिसतो, कारण एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडलेली असतात. पोर्सिलेनची आतली बाजूही वेगळ्या आम्लाने अशीच खरबरीत करतात. मग मधलं रेझिन सिमेंट दोन्हीकडच्या छिद्रांत शिरतं आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होतं. पुढे ते काढायचं तर सहसा बरने (दंतवैद्याच्या ड्रिलच्या फिरत्या टोकाने) घासूनच काढावं लागतं. सिमेंटचा रंग दातासारखाच, त्यामुळे कितीही जपून हात चालवला तरी थोडं एनॅमल जाण्याची भीती असतेच.

त्याआधीही ते गेलेलं असतं. कपचीला जागा करायला बहुतेक वेळा दाताची पुढची बाजू ०.३ ते ०.५ मिलिमीटर उतरवावी लागते. हिरडीजवळ एनॅमल मुळातच साधारण तेवढंच जाड असतं! हात जरा खोल गेला की डेंटिन, म्हणजे एनॅमलखालचा मऊ थर, उघडं पडतं. मग दाताला थंड लागतं आणि सिमेंटची पकडही एनॅमलवर असते तेवढी भरवशाची राहत नाही. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवताना संपतात, त्यामुळे गेलेलं पुन्हा येत नाही. न घासता बसणारी व्हिनिअर्सही असतात. बारीक, फटी असलेल्या दातांवर ती छान दिसतात. पण गडद डागांवर पातळ पोर्सिलेन लावलं तर खालचा रंग डोकावतो आणि जाड लावलं तर दात पुढे आल्यासारखे दिसतात.

आता तुमच्या मुलीबद्दल. बालपण यवतमाळकडे बोअरच्या पाण्यावर गेलं म्हणता, म्हणजे ते डाग फ्लोरोसिसचे (लहानपणी पाण्यातून जास्त फ्लोराइड गेल्याने पडणारे) असण्याची शक्यता बरीच आहे. नक्की काय ते दात पाहिल्यावरच कळेल. तसं असेल तर आधी मायक्रोअ‍ॅब्रेजन (डागाचा अगदी वरचा थर आम्ल आणि बारीक भुकटीने घासून काढणं) आणि ब्लीचिंग करून पाहा. डाग फार खोल नसतील तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. आणि व्हिनिअर लावायचं ठरलं तरी ब्लीचिंग आधीच हवं, कारण पोर्सिलेनचा रंग नंतर ब्लीचने बदलत नाही. ब्लीचिंगनंतर किमान दोन आठवडे थांबायचं, नाहीतर सिमेंट नीट धरत नाही. तीन महिन्यांत हे सगळं बसतं, आजपासून धरलं तर.

डॉक्टरांना एवढं विचारा: किती एनॅमल उतरवणार, आणि घासण्याआधी दातांवर मॉकअप, म्हणजे तात्पुरता नमुना, करून दाखवणार का? झोपेत ती दात खाते का, हेही त्यांना आठवणीने सांगा. खात असेल तर दातांवर बसणारं रात्रीचं गार्ड घालावंच लागेल. नंतरची निगा साधीच: मऊ ब्रश, रोज फ्लॉस, कोळशाची पावडर नको, मशेरी तर नकोच, आणि ऊस दाताने सोलायचा नाही. पोर्सिलेन किडत नाही, पण त्याच्या कडेचा दात किडतो, म्हणून सहा महिन्यांनी तपासणी. चांगलं बसवलेलं व्हिनिअर दहा-पंधरा वर्षं सहज टिकतं. पुढे ते बदलावं लागेल, आणि मुलगी तर आत्ता कुठे पंचविशीत आहे.

मॉकअप झाल्यावर तिला काय वाटलं ते जरूर कळवा.