पापलेट चालेल

ज्यू व्हायचं तर पहिली अडचण ही की ते तुम्हाला घ्यायलाच तयार नसतात. दारी आलेल्याला आधी तीनदा परत पाठवावं, असा त्यांच्यात जुना संकेत आहे. मला भेटलेल्या पहिल्या रब्बायांनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तो चहा पाजून पाळला. "चांगलं माणूस म्हणून जगायला सगळ्या माणसांसाठीचे नोआचे ७ नियम पुरेत," ते म्हणाले, "ज्यूंचे ६१३ कशाला अंगावर घेतेस?"

मी मूळची ठाण्याची. शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडे दिवे लागत आणि नवस फेडला की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या मलिद्याची वाटी, गोड पोहे, खोबरं, फळं, आमच्या घरी येई. पस्तिशी उलटल्यावर न्यू जर्सीत मला हे वेड लागलं, त्यातला निम्मा दोष त्या वाटीचा.

आईला फोनवर सांगितलं. देवाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

"म्हणजे कोळंबी बंद?"

"हो."

"खेकडे, तिसऱ्या?"

"पर आणि खवले असलेलेच मासे चालतात."

"मग पापलेट चालेल," म्हणून तिने फोन ठेवला. तिच्यापुरतं माझं धर्मांतर तिथेच आटोपलं.

खरी वणवण पुढे होती. पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, रिफॉर्म पंथाचं. गिटार, बायका-पुरुष शेजारी शेजारी, निम्मी प्रार्थना इंग्रजीत. मला इतकं पटकन आवडलं की संशय आला. मग ऑर्थोडॉक्स. तिथे बायकांची बाजू वेगळी आणि शेजारची आजी न बोलता माझ्या पोथीचं पान दर दोन मिनिटांनी बरोबर जागी उलटून द्यायची. पण शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रामाच्या दिवशी, गाडी चालवायची नाही, म्हणजे घर चालत जाण्याच्या अंतरावर हवं. तिथली भाडी ऐकून माझी श्रद्धा आपसूक मध्यममार्गी झाली. मध्यममार्ग म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह. त्यांच्या रब्बायांनी १९५० सालीच सांगून ठेवलंय: शब्बाथला गाडी काढा, पण फक्त सिनेगॉगपर्यंत. येताना कोथिंबीर घेऊ नका.

त्यात ऑर्थोडॉक्स मंडळी इतरांनी करून घेतलेलं धर्मांतर मानत नाहीत. म्हणजे सिनेगॉग निवडायचं, तर आपल्याला ज्यू न मानणारे कोण असावेत तेही त्याच दमात ठरवायचं. हे रडगाणं मी ठाण्याच्या त्या शेजारच्या काकूंना ऐकवलं. त्या आता इस्रायलला असतात.

"अगो, तुझं काय घेऊन बसलीस! १९६२ मध्ये इथल्या बड्या रब्बायांनी आमच्याच आज्या-पणज्यांची चौकशी काढलेली, लग्न लावायच्या आधी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवला, शनवार तेली म्हणवून घेतलं, तरी! लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले तेव्हा कुठे १९६४ साली सुटलो. जिथे जेवायला बसवतील तिथे जा."

मधल्या सिनेगॉगाने मला जेवायला तर बसवलंच, वर भांडीही घासायला लावली, म्हणून तिथेच राहिले. पुढे वर्षभर अभ्यास, तीन जणांच्या बेत दिनसमोर, म्हणजे धर्मन्यायालयासमोर, तोंडी परीक्षा आणि मिक्वेच्या, म्हणजे शुद्धिस्नानाच्या कुंडाच्या, पाण्यात डुबकी. पाण्यात उतरण्याआधी कानातलंच काय, नखांचा रंगही काढावा लागतो. या सगळ्याला काही वाटलं नाही. दमवलं ते नंतर, मला स्वयंपाक समितीवर घेतलं तेव्हा.

शनिवारच्या जेवणात मांस होतं, म्हणजे दुधाचं काही नको. मी सोलकढी सुचवली. नारळाचं दूध चालतं, पण बघणाऱ्याला ते गाईचं वाटलं तर? एका आजोबांनी सोळाव्या शतकातला दाखला काढला: मांसाबरोबर बदामाचं दूध वाढलं, तर शेजारी बदाम ठेवावेत. तासाभराने ठराव झाला, कढीशेजारी नारळाची वाटी ठेवावी. उपठराव, नारळ शुक्रवारी सूर्यास्ताआधी फोडलेला असावा. लोक उठायला लागले, तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "पण मग ती गुलाबी का आहे?"

सगळे पुन्हा खाली बसले.