चाल तीच ठेवा, पण गाणं नवं लिहा की

मागच्या आठवड्यात भाचीने एक जुनं भावगीत युकुलेलेवर गाऊन यूट्यूबवर टाकलं आणि आमच्या पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस तेच, काका म्हणाले चालीची पार वाट लावली, मावशी म्हणाली अहो निदान पोरगी मराठी तरी गातेय. मी बोस्टनला बसून सगळं वाचत होते आणि राहून राहून वाटत होतं, भांडण भलत्याच गोष्टीवरून चाललंय.

इथल्या पोरी बघा ना. गायिका लेवे, आइसलँडची, आई चिनी व्हायोलिनवादक, शिकली इथे बोस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजात. सूर सगळा जुन्या जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डच्या जमान्यातला पण गाणी तिची स्वतःची, आजच्या मुलीच्या मनातली. 2024 मध्ये तिच्या 'बिविच्ड' अल्बमला ग्रॅमी मिळालं. आणि दुसरी गायिका क्लेरो तर आमच्याच राज्यात कार्लाइल गावात वाढलेली! 2017 मध्ये वेबकॅमसमोर बसून 'प्रिटी गर्ल' हे गाणं केलेली ही मुलगी, तिने 2024 चा 'चार्म' अल्बम सत्तरच्या दशकासारखा वादक एकत्र बसवून थेट टेपवर रेकॉर्ड केला. हेडफोन लावून ऐका, शब्द संपले की मागून फुंकवाद्यं हळूच येतात आणि मला आपल्या भावगीतांमधले क्लॅरिनेटचे तुकडे आठवतात, तीन मिनिटांच्या तबकडीत बसवायचे म्हणून किती नेमके असायचे ते.

वाद इथेही आहेत, लेवेला जॅझ म्हणायचं की नाही यावरून जाणकार अजून हमरीतुमरीवर येतात. पण जुन्या सुरात नवीन लिहूच नका असं तिला कोणी म्हणत नाही. माझ्या मुलीच्या शाळेत जॅझ बँड आहे, सॅक्सोफोन शाळेतून घरी न्यायला मिळतो, चौदाव्या वर्षी पोरं ड्यूक एलिंग्टन वाजवतात. आपल्याकडे गजाननराव वाटव्यांची चाल काकांना तोंडपाठ असते, हे भाग्य इथल्या शेजाऱ्यांना नाही, पण तो वाद्यमेळ कसा बांधायचा हे भाचीला शिकवणार कोण? मग ती बिचारी मिळेल ते युकुलेले घेते आणि आपण चाल बिघडली म्हणून ओरडतो.

मी तिला फोनवर म्हटलं, जुनं गाणं राहू दे, त्या ढंगात तुझं स्वतःचं लिही. काल तिचा व्हॉइस नोट आला, चार ओळींचा मुखडा, आणि मागे पेटीवर चक्क काका!